आधी गळती, मग पंप: जुन्या एसयूव्हीच्या एअर सस्पेन्शनचे आठ महिने

गाडी 2012 च्या मॉडेलची, सहा सिलिंडर डिझेल, चारही चाकांना एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगांच्या जागी हवा. हातात आली तेव्हा मीटरवर 1 लाख 18 हजार किलोमीटर. पावसाळा धरून आठ महिने वापर झाला: रोजचं बेळगाव-खानापूर, अधूनमधून चोर्ला घाटातून गोवा, आणि ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॉल्यांनी उखडून ठेवलेला चिकोडीकडचा रस्ता. कंपनीचं नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांत मांडणी तीच: चार रबरी फुगे, एक कॉम्प्रेसर (गॅरेजच्या भाषेत पंप), हवेची टाकी, व्हॉल्व ब्लॉक (प्रत्येक फुग्याची हवा सोडणारे-अडवणारे व्हॉल्व एकत्र), गाडीची उंची मोजणारे हाइट सेन्सर आणि या सगळ्यांवर एक कंट्रोल युनिट.

चालवायला सुख आहे, त्यात वाद नाही. घाटात गाडी झुलत नाही, डिकीत चार पोती तांदूळ टाकले तरी मागून बसत नाही, आणि गावातल्या उंटाच्या पाठीसारख्या स्पीडब्रेकरवर एक बटण दाबून पोट वाचवता येतं. दुखणं एकच होतं. सकाळी पुढची डावी बाजू खाली बसलेली, कधी कधी चारही. यावर गॅरेजात ठरलेलं उत्तर मिळतं: "पंप गेला." पंप गेलेला असतोही, पण तो शेवटचा जातो. आधी कुठेतरी हवा झिरपते. ती भरून काढायला पंप दिवसातून दहा-वीस वेळा जास्त चालतो, तापतो, पिस्टनची रिंग झिजते, मग दाब चढत नाही म्हणून अजून जास्त वेळ चालतो. गळती तशीच ठेवून नवा पंप बसवला, तर तोही त्याच वाटेनं जातो.

शोध सुरू करायचा तो टेप घेऊन. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांत मिलिमीटरमध्ये मोजायचं आणि लिहून ठेवायचं. जमीन सपाट हवी, चाकं सरळ, आणि मोजण्याआधी सस्पेन्शनचा फ्यूज काढलेला. हा फ्यूज काढणं बहुतेक जण विसरतात. गाडी बंद असली तरी कंट्रोल युनिट काही तासांनी जागं होतं आणि गाडी समपातळीत ठेवण्यासाठी बाकीचे कोपरे सर्वांत खाली गेलेल्या कोपऱ्याइतके उतरवतं. म्हणजे गळती एका फुग्याला आणि सकाळी बसलेली मात्र अख्खी गाडी. चारही बाजू बसतात म्हणून चार फुगे बदलायचा सल्ला इथूनच निघतो.

या गाडीची फ्यूज काढून घेतलेली नोंद अशी. रात्री नऊला पुढचा डावा 472, उजवा 471, मागचे दोन्ही 480. सकाळी सहाला डावा 438, उजवा 467, मागचे 476 आणि 475. उजवा आणि मागचे दोन चार-पाच मिलिमीटर उतरले, ती गळती नव्हे. बेळगावात थंडीत रात्रीचा पारा उतरला की हवा आकुंचन पावते, तेवढी उतरण निरोगी गाडीतही दिसते. 34 मिलिमीटर मात्र सरळ गळती. तीच मोजणी दुपारच्या उन्हात केली तर नऊ तासांत जेमतेम 12 मिलिमीटर फरक पडला. ऊन लागलं की रबर मऊ होऊन चीर मिटते, थंडीत ताठरलं की उघडते. त्यामुळे दुपारी गॅरेजात "काहीच नाही की ओ" असं ऐकून परत यावं लागतं, आणि त्यात मेस्त्रीचं काही चुकलेलं नसतं.

त्यानंतर साबणाचं पाणी. लिटरभर पाण्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचे दोन चमचे, स्प्रेच्या बाटलीत. गाडी वरच्या उंचीवर घ्यायची, जॅक मोड लावायचा (उंची आपोआप बदलणं बंद होतं), घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, उभी करायची. नुसत्या हवेच्या भरवशावर खाली शिरू नये, एक व्हॉल्व उघडला की दोन टनांची गाडी क्षणात खाली येते. फुगा जिथे त्याच्या खालच्या नळकांड्यावर (यालाही पिस्टनच म्हणतात) दुमडतो ती घडी, वरची प्लेट, नळीचा जोड आणि व्हॉल्व ब्लॉक, या चार जागी फवारायचं आणि दोन-तीन मिनिटं नुसतं बघत बसायचं. मोठी गळती लगेच फसफसते. बारीक गळतीत साबुदाण्याच्या दाण्याएवढा बुडबुडा हळूहळू फुगतो, फुटतो, पुन्हा त्याच जागी उगवतो.

घडीत बुडबुडा दिसला तर प्रश्न सुटला. दिसला नाही तर फुगा, नळी की व्हॉल्व ब्लॉक, हे ठरवायला स्वस्त युक्ती आहे. त्या कोपऱ्याची नळी व्हॉल्व ब्लॉकमधून सोडवायची आणि तिच्या टोकाला टायरचा व्हॉल्व बसवलेला जोड लावायचा. उद्यमबागेत हायड्रॉलिक आणि हवेच्या फिटिंगांचं काम होतं, तिथे 4 मिलिमीटर नळीला बसेल असा जोड करून मिळतो. मग हवा भरायची. कारच्या पंक्चरवाल्याची हवा इथे पुरत नाही, हायवेवरचा ट्रकवाला गाठायचा. संकेश्वर-निपाणी पट्ट्यात कन्नडमध्ये "गाळी" म्हणा नाहीतर "हवा" म्हणा, 110 ते 120 पीएसआय मिळतं, म्हणजे साधारण आठ बार. कोपरा उचलला की व्हॉल्व बंद करून रात्रभर ठेवायचं. सकाळी उतरला तर फुगा किंवा नळी, तसाच राहिला तर दोष व्हॉल्व ब्लॉकमध्ये.

नळीच्या बाबतीत इथली खास अडचण उंदीर. शेतात, उसाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या गाडीची नायलॉनची नळी ते कुरतडतात, आणि दातांची खूण इतकी बारीक असते की साबणाशिवाय सापडत नाही. तेवढा भाग धारदार पात्यानं काटकोनात कापून जोड लावला की काम भागतं. करवतीनं कापलं तर टोकाला कुसं राहतात आणि जोड पुन्हा गळतो.

व्हॉल्व ब्लॉक आणि ड्रायर (हवा सुकवणारा डबा) यांचं दुखणं एकच: ओल. पंप बाहेरची हवा ओढतो, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर, त्यातही खानापूर-कणकुंबीच्या बाजूला, ती हवा म्हणजे अर्धं पाणीच. ती सुकवायला पंपाला सिलिका जेलच्या मण्यांचा डबा जोडलेला असतो. गाडी खाली घेताना सुकी हवा उलटी याच डब्यातून बाहेर जाते आणि मण्यांतली ओल घेऊन जाते. पण गळती असली की हवा डब्यातून न जाता भलतीकडूनच निसटते, मणी सुकतच नाहीत, फुटून त्यांचं पीठ होतं. हे पांढरं पीठ व्हॉल्वच्या बैठकीत अडकतं आणि कालपर्यंत धड असलेले कोपरेही गळू लागतात. व्हॉल्व ब्लॉकची नळी सोडल्यावर पांढरी भुकटी दिसली तर नुसता ब्लॉक बदलून उपयोग नाही, ड्रायर आणि नळ्या साफ कराव्याच लागतात.

मणी चांगले असतील, फक्त ओलसर असतील, तर 120 अंशांच्या ओव्हनमध्ये दोन-तीन तास ठेवून पुन्हा वापरता येतात. भरताना डबा हलवून हलवून ठासून भरायचा, दोन्ही टोकांना फेल्ट ठेवायचं. मोकळी जागा राहिली की मणी एकमेकांवर घासून पुन्हा पीठ.

पंप दुरुस्त करायचा की बदलायचा, हे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर ठरतं. भिंत गुळगुळीत असेल तर नुसती पिस्टन रिंग बदलून भागतं. ती कोरडी बसवायची. तेल नाही, ग्रीस नाही. हौशी हात इथे थेंबभर ऑइल सोडतातच, आणि ते पुढे मण्यांवर जाऊन बसतं. भिंतीवर उभे ओरखडे असतील तर रिंगचे पैसे वाया, पंपच घ्यावा. हवा ओढायच्या नळीचा फिल्टरही बघावा, लाल मातीनं तो विटेसारखा घट्ट होतो.

पंपासोबत रिले, म्हणजे पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच, बदलणं सक्तीचं समजा. रिले काही शे रुपयांचा, पंप काही दहा हजारांचा. जुन्या रिलेचे संपर्क चिकटले की गाडी बंद असतानाही पंप थांबत नाही आणि सकाळपर्यंत बॅटरी आणि पंप दोन्ही संपलेले असतात. चिन्ह सोपं: गाडी उभी करून दहा-पंधरा मिनिटांनी पंपाजवळ कान लावा. आवाज येतोच आहे, तर आधी रिले उपटा.

गाडीतल्या युनिटांचे दोषाचे कोड वाचायला स्कॅनर लागतो. साध्या स्कॅनरला सस्पेन्शनचं युनिट दिसत नाही, इंजिनचे कोड वाचून तो मोकळा होतो. चारही उंची, टाकीचा दाब आणि पंपाचं तापमान चालू आकड्यांत दाखवणारा स्कॅनर हवा. आणि कुठलाही कोड खरा मानण्याआधी बॅटरी मोजा. इंजिन बंद असताना 12.4 व्होल्टच्या खाली असेल तर ही प्रणाली हवे ते आरोप करते. गळती कुठेच नाही आणि गाडी तरी तिरकी, अशा वेळी सेन्सरकडे वळा. त्याच्या दांडीचे सांधे चिखलानं धरतात. स्कॅनरवरची उंची आणि टेपवरची उंची जुळत नसेल तर दोष तिथेच. सेन्सर बदलला की टेपचे चारही आकडे टाकून कॅलिब्रेशन करावंच लागतं.

फुगा बदलताना दोन चुका हमखास होतात. एक, हवा न भरता गाडी जॅकवरून खाली सोडणं. रिकामा फुगा वेडावाकडा दुमडतो आणि नव्या फुग्याला पहिल्याच दिवशी घडी पडते. स्कॅनरनं थोडी हवा भरून मगच वजन द्यावं. दुसरी, आर्मचे (चाक धरणाऱ्या दांड्यांचे) बोल्ट चाक लोंबत असतानाच आवळणं. सांध्यातल्या बुशचं रबर पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट गाडी नेहमीच्या उंचीवर आल्यावर आवळायचे. पुढचे दोन्ही फुगे जोडीनं बदलावेत, वय दोघांचं तेच असतं. नवा घेतानाही उत्पादनाची तारीख बघा, गोदामात पडून राहिलेलं रबर नवं नसतं.

आणखी एक, खास आपल्या भागासाठी. पावसाळ्याआधी चेसिसला डिझेल किंवा जुनं ऑइल फवारून घ्यायची पद्धत आहे. जीपला चालतं, या गाडीला चालत नाही, तेलानं फुग्याचं रबर फुगून मऊ पडतं. त्याऐवजी चिखलाच्या प्रत्येक फेरीनंतर गाडी वरच्या उंचीवर घेऊन फुग्याची घडी साध्या पाइपच्या पाण्यानं धुवा. प्रेशर वॉशरचा फवारा तिथे मारू नका. घडीत अडकलेली लाल माती पॉलिश पेपरचं काम करते.

पुढचे दोन फुगे, पंपाची रिंग, रिले आणि ड्रायरचे मणी, एवढं बदलून पाच महिने झाले. आता रात्रभरात चारही कोपरे तीन ते पाच मिलिमीटर उतरतात, सगळे सारखेच. मागचे फुगे मूळचेच आहेत, घडीत केसासारख्या भेगा दिसू लागल्यात, पुढच्या पावसाळ्याआधी त्यांचा नंबर. हे सगळं काढून साध्या स्प्रिंगा घालायचा सल्लाही मिळतो. जमतं, पण डॅशबोर्डवरचा इशारा कायम राहतो, शॉकअपचं गणित बिघडतं, आणि जिच्यासाठी ही गाडी घेतली ती चालच जाते.

घ्यायला निघाला असाल तर एमएच-09 च्या, म्हणजे कोल्हापूर पासिंगच्या, स्वस्त गाडीला भुलण्याआधी एनओसी आणि कर्नाटकचा टॅक्स जोडून किंमत काढा. मग विकणाऱ्याला न सांगता पहाटे जा, त्यानं गाडी सुरू करायच्या आत, खिशात टेप घेऊन.