ब्रेड-बटर परत आलं, म्हणून धपाटे मिळाले

मी लातूरचा, बियाण्याच्या कंपनीत. महिन्यातून दोनदा तरी संभाजीनगरला मुक्काम पडतो आणि गेली तीन वर्षं मी याच हॉटेलात उतरतो. खोल्या साध्या, भिंतींचा रंग तर बघूच नका. येतो ते सकाळच्या डब्यासाठी.

अजिंठा इथून शंभरेक किलोमीटर. पहाटे निघणाऱ्याला नाष्टा कुठला मिळायला? इथं साडेपाचला धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि लोणच्याची फोड हातात ठेवतात. डोकं कुणाचं, तर भांडी घासणाऱ्या मावशींचं. ब्रेड-बटरच्या ताटल्या अर्ध्या तशाच परत येतात, हे मोरीवर बसणाऱ्यालाच दिसणार ना! मालक म्हणाले, "आठ दिवस करून बघा." आधी सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा नाष्टा, दिली होती, ती डब्यात गच्च गोळा व्हायची. मी खाल्लीय, वाईट होती. पण त्यापायी कुणाचा पगार कापला नाही. मग धपाटे आले.

काउंटरवरच्या पोरानं पाटी लावलीय: सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद. किती जणांचा हेलपाटा वाचला असेल.

मागच्या महिन्यात इथं जागा नव्हती म्हणून दुसरीकडे राहिलो. टेबलावर क्यूआर कोड, सगळं चकाचक. बिनसाखरेचा चहा मागितला तर पोरगं म्हणे, "मेन्यूत नाही, मॅनेजरला विचारावं लागंल." त्याचंही काय चुकलं? ग्लास फुटला तरी पैसे कापतात, रात्री झोपायचं जेवणाच्या हॉलमध्ये फरशीवर, आणि दर खेपेला चेहरे नवे. असल्या ठिकाणी कोण कशाला काही सुचवेल?

आमच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की रिट्झ-कार्लटन या बड्या हॉटेल कंपनीत साध्या कर्मचाऱ्यालाही पाहुण्याची अडचण सोडवायला २००० डॉलरपर्यंत खर्च करायची मुभा असते. इथल्या वेटरला २०० रुपयांपर्यंत आहे. माझी भाजी खारट झाली तेव्हा त्यानं कुणालाही न विचारता बिलातून काढली. टीपचा डबाही सामाईक, मावशींचा वाटा धरून.

एक तारा कापला तो गरम पाण्याचा. साडेसातनंतर नळाला येतं ते नुसतं कोमट.

डबा हवा असेल तर रात्री दहाच्या आत सांगा, मावशी पीठ त्याच अंदाजानं काढून ठेवतात.