जुन्या छऱ्याच्या बंदुकीत जड छर्रे : पावसाळा ते ऊसतोड, वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो. ०.६७ ग्रॅमचे, म्हणजे १०.३४ ग्रेनचे, गोल डोक्याचे छर्रे माझ्या बंदुकीला मानवले. ०.८७ ग्रॅमचे मानवले नाहीत, आणि कुठल्याही जुन्या स्प्रिंगच्या बंदुकीला ते मानवतील असं मला वाटत नाही. घाईत असाल तर पुढचं नाही वाचलं तरी चालेल.

बंदूक काकांची. जर्मन डायना ३५ च्या धर्तीवर आपल्याकडे बनलेली ब्रेक बॅरल, म्हणजे नळी मोडून आतली स्प्रिंग दाबायची, ०.१७७ इंच (४.५ मिमी) बोअर, उघडी साइट, दस्ता कसल्याशा देशी लाकडाचा. वजनाला चांगली दणदणीत. काका तरुणपणी पन्हाळ्याच्या बाजूला हीच घेऊन फिरायचे. मी ती फक्त कागदावर आणि रिकाम्या डब्यांवर चालवतो. पाखरांवर नाही, तो विषय आमच्या घरात बंद झालाय.

जड छऱ्यांचं वेड लागलं ते .३०३ मुळे. त्या लष्करी रायफलीची जुनी गोळी २१५ ग्रेनची, बोथट नाकाची. १९१० मध्ये मार्क ७ काडतूस आलं आणि गोळी १७४ ग्रेनची, टोकदार झाली. गोळीचा मार्ग बदलला म्हणून साइटवरच्या अंतराच्या खुणाही बदलाव्या लागल्या. परदेशातले हौशी लोक आजही त्या जुन्या रायफलींसाठी घरी काडतुसं भरून जड गोळ्यांचे प्रयोग करतात. तो उद्योग आपल्या घरात करण्यातला नव्हे. हवेच्या बंदुकीत ना दारू ना काडतूस. बदलण्यासारखा एकच जिन्नस, छर्रा. म्हटलं, तोच बदलून बघू.

छर्रे बदलण्याआधी मात्र बंदूक ताळ्यावर आणावी लागली. स्प्रिंगच्या जोरावर हवा दाबणाऱ्या पिस्टनचा चामडी वॉशर वाळून कडक झाला होता आणि हवा धरत नव्हता. नवा वॉशर मी सुभाषनगरच्या एका चप्पल कारागिराकडून कापून घेतला. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं म्हशीचं जाड चामडं. माप दाखवल्यावर ते म्हणाले, "आदी तेल पाजा, फुगू दे, मग कापतो. कोरडं कापलं तर परत माझ्याच नावानं ओरडशीला." दोन दिवस भिजवलं, मग कापलं. त्या वॉशरनं अजून तक्रार केलेली नाही. ज्यांच्या जुन्या बंदुका माळ्यावर पडल्यात त्यांनी रबरी सील शोधत ऑनलाइन फिरण्याआधी एखाद्या चप्पल कारागिराला विचारावं. एक पथ्य पाळा: आत शिलाई मशीनचं तेल ओतू नका. हवा दाबली की तापते, पातळ तेल पेटतं, धूर आणि मोठा आवाज येतो, आणि स्प्रिंगची वाट लागते. छर्रा जितका जड तितका आतला दाब जास्त, त्यामुळे हे प्रकरण जड छऱ्यात आणखी वाढतं.

आता मूळ मुद्दा. शूटर मित्राच्या क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावर, ०.५५ ग्रॅमचा हलका छर्रा सेकंदाला साधारण १९० मीटर, ०.६७ चा १६५, आणि ०.८७ चा कसाबसा १४०. हिशेब केला तर ऊर्जा अनुक्रमे १० ज्यूलच्या आसपास, ९, आणि साडेआठ. म्हणजे वजन वाढवून ताकद वाढली नाही, उलट घटली. लोकांचा इथेच गैरसमज होतो. स्प्रिंगमध्ये ताकद ठरलेली. छर्रा जड असला की तो नळीत उशिरा हलतो, पिस्टनच्या पुढची हवा दाबून घट्ट होते, आणि पिस्टन टोकाला पोचायच्या आधीच उलट ढकलला जातो. हाताला ते कळतं: हलक्या छऱ्याला एक झटका, ०.८७ ला दोन, आणि दुसरा विचित्र. छर्रा नळीत जास्त वेळ राहतो म्हणून धरण्यातली प्रत्येक चूक कागदावर उमटते. दस्ता आवळून धरला की गट, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, पसरतो. डाव्या तळव्यावर नुसती टेकवून ठेवली, खांद्याला हलकेच लावली की गट आवरतो.

पंचवीस मीटरवर ०.६७ चा छर्रा त्याच साइटवर हलक्यापेक्षा दोन-अडीच सेंटीमीटर खाली बसतो. ०.८७ चा सहा-सात सेंटीमीटर. आमच्या बंदुकीची मागची साइट तिथपर्यंत वर जाते, पण मग दहा मीटरवर नेम कुठे धरायचा याचं पाठांतर करत बसा.

मग जड छऱ्याचा फायदा काय? वारा. आणि हे कळायला मला ऊसतोडीपर्यंत थांबावं लागलं. मी नेम धरतो त्या गुऱ्हाळघरामागे पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस डोक्याच्या वर उभा. आत वारा शिरतच नाही. तेव्हा दोन्ही वजनांचे गट सारखेच, खरं तर हलके छर्रे किंचित सरस. पैसे वाया गेले असं घरात बोलूनही झालं. मग तोड झाली, रान मोकळं पडलं, आणि दुपारचा आडवा वारा चालू झाला. हलके छर्रे बाजूला सरकू लागले. ०.६७ चेही सरकले, पण कमी. हळू जात असूनही ते वाटेत वेग कमी गमावतात. त्या दिवसांपासून वाऱ्याच्या दुपारी मी जडच भरतो.

वजनापेक्षाही महत्त्वाच्या दोन गोष्टी मला सापडल्या. एक, डोक्याचा व्यास. आयात डब्यांवर ४.५०, ४.५१, ४.५२ मिमी असं छापलेलं असतं. आमच्या जुन्या नळीत ४.५० चा आपोआप घसरून आत जातो, ४.५२ चा अंगठ्यानं दाबावा लागतो आणि तोच नीट जातो. दोन, सारखेपणा. गुजरीतल्या एका ओळखीच्या सराफाच्या काट्यावर स्वस्त देशी डब्यातले छर्रे टाकले, तर ०.४५ पासून ०.५५ ग्रॅमपर्यंत सगळी जत्रा. सराफ म्हणाला, "असलं सोनं आणलं असतंस तर दारातनंच परत पाठवला असता." वजनानुसार वाटीत वेगळे केले की त्याच स्वस्त डब्यातून दहा-पंधरा मीटरवर चांगलं काम होतं. जड छऱ्यांवर पैसे घालण्याआधी हे करून बघा.

कोल्हापुरात हे लिहिताना रेंजवरची पोरं हसतील, माहीत आहे. तेजस्विनी सावंत आणि कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे या नेमबाजांच्या गावात गुऱ्हाळामागच्या नेमबाजीचं काय कौतुक? बरोबर आहे. दहा मीटरच्या स्पर्धेसाठी सपाट डोक्याचे ०.५३ ग्रॅमवालेच घ्या. कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं, आणि बंद हॉलमध्ये वारा नसतो. ते छर्रे पंचवीस मीटरवर मात्र डोलायला लागतात. तिथे गोल डोकंच हवं.

नव्या बंदुकीचा विचार करणाऱ्यांसाठी: २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ०.१७७ पेक्षा मोठा बोअर किंवा २० ज्यूलच्या वर ऊर्जा असेल तर परवाना लागतो. त्या मर्यादेजवळच्या ताकदवान बंदुकीत ०.८७ चे छर्रे कदाचित शोभतील. निम्म्या ताकदीच्या म्हाताऱ्या बंदुकीत ते घालू नका.

छर्रे शिशाचे, तेव्हा हात धुतल्याशिवाय भाकरीला लावायचे नाहीत. नेमाच्या मागे तेलाचा पत्र्याचा डबा जुन्या कपड्यांनी गच्च भरून ठेवा. नुसता पत्रा किंवा दगड असेल तर छर्रा उलटून येतो.

सध्या घरात दोन डबे आहेत, देशी आणि ०.६७. साइटच्या चाकावर बायकोच्या नेलपॉलिशनं दोन खुणा केल्यात, लाल हलक्यासाठी, गुलाबी जडासाठी. डबा बदलला की चाक फिरवायचं, पाच-सहा छर्रे कागदावर बघायचे आणि मग नेमाच्या रिकाम्या डब्यांकडे वळायचं.