प्रोव्हो की सॉल्ट लेक सिटी?
अमेरिकेच्या युटा राज्यात कला शिकायची असेल, तर प्रोव्होचे ब्रिगहॅम यंग विद्यापीठ आणि सुमारे ७० किलोमीटरवरील सॉल्ट लेक सिटीचे सरकारी युटा विद्यापीठ हे दोन पर्याय समोर येतात. पहिले मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या चर्चचे असून, १९२५ साली स्थापन झालेल्या त्याच्या कला महाविद्यालयात संगीत, नाट्य, नृत्य यांच्या जोडीने पत्रकारिता आणि जाहिरातही शिकवली जाते. युटा विद्यापीठात मात्र संज्ञापन (कम्युनिकेशन, म्हणजे पत्रकारितेसारखे विषय) हा विषय मानव्यविद्या शाखेकडे आहे. प्रोव्होत चर्चच्या सदस्यांना शुल्क इतरांच्या निम्मे पडते. तिथे धर्मशिक्षणाचे वर्ग सक्तीचे आहेत आणि मद्यच काय, चहा-कॉफीही वर्ज्य आहे (आपल्याकडच्या विद्यार्थ्याला हेच बहुधा सर्वांत जड जाईल). नग्न मॉडेल समोर ठेवून मानवी देहाचे रेखाटन ज्याला शिकायचे आहे, त्याने प्रोव्होचा विचार सोडलेला बरा.