क्रोमोली सायकल, एक पावसाळा आणि अडकलेला सीटपोस्ट

सायकल उत्तम आहे हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे बराच वेळ मी सीटपोस्टबद्दल, म्हणजे सीट धरणाऱ्या २७.२ मिलिमीटरच्या एका नळीबद्दल कुरकुर करणार आहे.

गेल्या पाडव्याला जुळवलेली ही सायकल. फ्रेम ४१३० क्रोमोली, म्हणजे क्रोमियम-मोलिब्डेनमचं पोलाद, डबल बटेड (नळ्या टोकांना जाड, मध्ये पातळ). फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, कार्बनचा, दातांच्या चकत्या पुढे ४६/३०, मागे ११-३४, केबलवाले डिस्क ब्रेक, ३८ मिलिमीटरचे टायर. पेडलसकट १०.९ किलो. मडगार्ड आणि कॅरिअर चढवलं की बाराच्या थोडी वर. ऑफिस, रविवारचा ठाण्याचा येऊर डोंगर आणि अंगात आलं तर २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी), सगळं एकाच सायकलवर, असा बेत होता. वजनाचा हट्ट शर्यतीसाठी नव्हता. आमच्या मुलुंड पूर्वेच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि घर तिसऱ्या मजल्यावर. खाली जिन्याशी लावली तर सकाळी सीट जागेवर असेलच याची खात्री नाही.

दिवाळीत लेक पुण्याहून आली. "बाबा, सीट खाली कर ना, मी मिठागरांच्या बाजूला चक्कर मारून येते." क्लॅम्पचा बोल्ट सैल केला. सीट हलेना. पिळून पाहिली, पायाने फ्रेम दाबून ओढून पाहिली. नाहीच. ती माझ्याच उंचीला कायमची बसली होती. सगळ्या कामांची म्हणून घेतलेली सायकल घरातल्या एकाच माणसाच्या कामाची उरली.

कारण सगळ्यांना माहीत असतं, पण जुळणी करणाऱ्याच्या हाताला ते माहीत हवं. पोलादी नळीत अ‍ॅल्युमिनिअमचा पोस्ट कोरडा घातला आणि मध्ये खारट ओल शिरली की तिथे चक्क बॅटरी तयार होते. झिजतं अ‍ॅल्युमिनिअम. त्यातून होणारी पांढरी पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि पोस्ट आतून आवळला जातो. मुलुंडला समुद्र नाही म्हणावं तर खाडी आणि मिठागरं हाकेच्या अंतरावर. त्यात सीट ट्यूबची, म्हणजे पोस्ट बसतो त्या नळीची, फट नेमकी मागे, म्हणजे मागचं चाक उडवतं ते सगळं पाणी थेट तिथे. मुंबईत एकट्या जुलैत ८०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मडगार्ड लावलं तरी थोडं आत जातंच.

जुळणी एका मोठ्या, काचेच्या दुकानात झाली होती. बिलात 'प्रीमियम असेंब्ली' ही ओळ वेगळी. तिथे सायकल नेली तर मॅनेजर म्हणतात, "सर, पावसात चालवली होती का?" जून ते सप्टेंबर मुंबईत सायकल शोकेसमध्ये ठेवायची असते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मग 'युजर नेग्लिजन्स', मग वॉरंटी कार्डाची मागची बाजू. शेवटचा प्रस्ताव असा: पोस्ट कापायचा, उरलेला आतून खरवडायचा, मजुरी चार हजार, फ्रेमला काही झालं तर जबाबदारी माझी. दीड हजाराच्या पोस्टसाठी. आणि वर सल्ला, "नाहीतर सर, आता अ‍ॅल्युमिनिअमच्या हलक्या फ्रेम येतात."

हलक्यावरून आठवलं. माझ्या फ्रेमचं वजन २.२ किलो. यापेक्षा भारी प्रतीच्या नळ्यांची फ्रेम घेऊन फार तर तीन-चारशे ग्रॅम वाचले असते आणि किंमत कुठल्या कुठे गेली असती. पोलाद कुठलंही घ्या, घनता आणि ताठरपणा जवळपास तोच. चांगल्या पोलादाची ताकद जास्त, म्हणून नळीची भिंत पातळ करता येते आणि वजन तेवढ्यावरच उतरतं. १९३५ मध्ये आलेल्या रेनॉल्ड्स ५३१ या पोलादी नळ्यांच्या नावाने अजून उसासे टाकणारे मित्र आहेत. टाकू देत. माझ्यासाठी ४१३० पुरे.

फोर्कबद्दल मात्र मत बदललं. जोडीचा पोलादी फोर्क साधारण १.१ किलोचा होता. तो काढून कार्बनचा घेताना साडेपाचशे ग्रॅमसाठी एवढे पैसे मोजणं जिवावर आलं होतं. पण जिन्यात सायकल खांद्यावर घेतली की पुढचं टोक हलकं असल्याचं रोज जाणवतं. एलबीएस मार्गावर पेव्हर ब्लॉक संपून काँक्रीट सुरू होतं तिथला दणकाही हाताला कमी लागतो, अर्थात त्यात टायरचा वाटा मोठा. आधी २८ चे टायर होते आणि खड्ड्याच्या कडेवर ट्यूब चिमटून पंक्चर व्हायची. ३८ घातल्यापासून ती कटकट संपली. वजन वाढलं, त्याचं अजिबात दुःख नाही.

दुःख टीपीयूच्या, म्हणजे पातळ प्लास्टिकच्या, ट्यूबचं आहे. चाळीस-पन्नास ग्रॅमची गुलाबी चैन. साध्या ट्यूबपेक्षा शंभरेक ग्रॅम हलकी, पण पंक्चरवाल्याचं सोल्युशन तिला चिकटत नाही, वेगळे पॅच लागतात. विक्रोळीला पुलाखालच्या पंक्चरवाल्याने ती बोटांत धरून पाहिली आणि "ये क्या प्लास्टिक है?" म्हणून परत दिली. काढून टाकली. आता दोन्ही चाकांत साध्या काळ्या ब्यूटाइल रबराच्या ट्यूब.

इथपर्यंत नोव्हेंबरात लिहून ठेवलं होतं आणि खाली 'पोलादी सायकल मुंबईत घेऊ नका' असं ठोकून दिलं होतं. ते खोडलं आहे, कारण सीटपोस्ट निघाला.

भांडुपला एका फॅब्रिकेशनवाल्याच्या गाळ्यात निघाला. ग्रिल आणि शटर करणारे काका, सायकलशी संबंध शून्य. आधी दोन रात्री फ्रेम उलटी करून बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलच्या दांड्यांचा आस बसतो त्या) बाजूने फटीत झिरपणारं पेनिट्रेटिंग ऑइल सोडायला लावलं. मग सीट काढली, पोस्टचं डोकं मोठ्या व्हाइसमध्ये आवळलं आणि म्हणाले, "आता पोस्ट नाही फिरवायचा साहेब, फ्रेम फिरवायची." दोघांनी फ्रेम दोन टोकांना धरली. आधी काहीच नाही, मग कडाड असा आवाज. मला वाटलं नळी फाटली. ऑक्साईड सुटलं होतं. थोडं इकडे, थोडं तिकडे करत, मध्ये तेल सोडत पोस्ट बाहेर आला. खालच्या भागावर पांढरे पापुद्रे, आणि ग्रीसचा मागमूस नाही. फोटो दुकानाला पाठवले. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. काकांनी तीनशे घेतले आणि चहा पाजला.

जुना पोस्ट भंगारात. कोणी कॉस्टिक सोड्याने विरघळवायला सांगितलं तर नादी लागू नका. अ‍ॅल्युमिनिअम विरघळतं खरं, पण हायड्रोजन सुटतो, द्रावण उकळतं, आणि हे घरच्या बाल्कनीत करण्याचं काम नव्हे.

नवा पोस्टही अ‍ॅल्युमिनिअमचाच घेतला. पोलादी घेतला असता तर शे-दीडशे ग्रॅम वाढले असते, आणि गंजायला तोही मोकळाच. नळी आतून ब्रशने साफ केली. नागदेवी स्ट्रीटवरून अँटी-सीझचा, म्हणजे धातू एकमेकांत अडकू न देणाऱ्या लेपाचा, डबा आणला, तो माझ्या हयातीत संपणार नाही. फटीवर जुन्या ट्यूबचा चार बोटं तुकडा मोज्यासारखा चढवला, दिसायला भिकार, कामाला चोख. फ्रेमच्या आत गाड्यांच्या गॅरेजमध्ये मिळतो तो गंजरोधक वॅक्स स्प्रे मारला. बॉटम ब्रॅकेटच्या खाली भोक असतं, ते चिखलाने बुजलं होतं, तारेने मोकळं केलं. महिन्यातून एकदा पोस्ट बाहेर काढून पुसायचा आणि पुन्हा माखून घालायचा. हे सगळं जुळणीच्या दिवशी झालं असतं तर पाच मिनिटांचं काम.

बाकी तक्रार म्हणावी तर मागच्या ब्रेकची केबल. पावसाळ्यानंतर लिव्हर जड झाला आहे, आउटरमध्ये, म्हणजे केबलच्या बाहेरच्या आवरणात, पाणी गेलं असणार. नवीन आउटर आणून ठेवलं आहे, या रविवारी घरीच घालतो.