न बसवलेल्या चिपचे ३,२०० रुपये

विंडोज १० वरून विंडोज ११ वर जायला मायक्रोसॉफ्ट पैसे घेत नाही. आधीचं विंडोज अस्सल असेल आणि मशीन नव्याच्या अटींत बसत असेल, तर सेटिंगमधल्या अपडेटच्या पानावर तसं लिहून येतं. बटण दाबायचं, चहा घ्यायचा, थांबायचं. दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडून याच कामाचे ८,५०० रुपये घेतले गेले. ज्यांना घाई आहे त्यांनी एवढं वाचलं तरी पुरे. ज्यांचं मशीन सध्या कुणा दुकानात पडून आहे, त्यांनी पुढचंही वाचावं.

आमचं डीटीपीचं काम. मंगळवार पेठेत घराच्याच खालच्या खोलीत दोन मशीन, एक प्रिंटर आणि भिंतभर नमुन्याच्या पत्रिका. लग्नपत्रिका, बिलबुकं, पावती पुस्तकं आणि कोल्हापुरात राहतोय म्हटल्यावर भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाचे फलक, ते बारा महिने. मुख्य मशीन २०१८ मध्ये असेंबल करून घेतलेलं. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, वर विंडोज १० होम, म्हणजे घरगुती आवृत्ती, रीतसर बिल करून विकत घेतलेलं. बिलाचं मुद्दाम सांगते, कारण पुढं सगळं त्याच्यावरच तरलं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. वसुबारस १७ ला. म्हणजे गिऱ्हाईक दारात उभं असायच्या दिवसांत स्क्रीनवर रोज ती सूचना. सपोर्ट संपला म्हणजे सुरक्षेचे अपडेट यायचे थांबतात, मशीन बंद पडत नाही. बाजारात मात्र वेगळंच चाललं होतं. कागद आणायला लक्ष्मीपुरीत गेले तर तिथंही तेच, 'चौदा तारखेनंतर कॉम्प्युटर चालूच होणार न्हाई म्हणं.' ही भीती कुणी उठवली ते माहीत नाही, पण पिकली कुणाकडं ते दिसलं. ज्या दुकानांत एरवी माशा मारत बसलेले असतात, तिथं काउंटरवर सीपीयूंची थप्पी.

आमच्या मशीनवर मायक्रोसॉफ्टचंच पीसी हेल्थ चेक नावाचं फुकट ॲप चालवून पाहिलं. उत्तर आलं, हे मशीन चालणार नाही, टीपीएम २.० पाहिजे. टीपीएम म्हणजे मशीनमधली छोटी तिजोरी, कुलपांच्या किल्ल्या ठेवायची. ती हवी, सिक्युअर बूट, म्हणजे मशीन चालू होताना परका प्रोग्राम आत येऊ न देणारी सोय, हवं, प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा हवी, अशा विंडोज ११ च्या अटी. बाकी सगळ्यांत आमचं मशीन बसत होतं. अडलं होतं टीपीएमपाशी. मशीन उचललं आणि शहरातल्या एका दुकानात नेलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

मालकांनी कॅबिनेट न उघडताच निदान केलं.

"वहिनी, तुमच्या बोर्डावर टीपीएमच न्हाई. चिप बसवाय लागतीय. मुंबईवरनं मागवतो, दोन दिवस द्या."

"आणि विंडोजचं? आमच्याकडं दहाचं बिल आहे."

"त्ये दहाचं झालं. अकराला नवं लायसन्स लागतंय, आनि होम आता चालत न्हाई, प्रो घालाय लागतंय. ओरिजिनल घालतो की. तुम्ही निवांत ऱ्हावा."

या एवढ्या बोलण्यात तीन थापा होत्या. अकराला नवं लायसन्स लागत नाही, दहाचंच चालतं. होम व्यवस्थित चालतं. आणि टीपीएम आमच्या मशीनमध्ये पहिल्यापासून होतं. गेल्या सात-आठ वर्षांतल्या बहुतेक प्रोसेसरांत ते आतच असतं. इंटेलवाले त्याला पीटीटी म्हणतात, एएमडीवाले एफटीपीएम. फक्त असेंबल केलेल्या मशीनच्या बोर्डावर ते बऱ्याचदा बंद ठेवलेलं असतं. मशीन चालू होताना डिलीटचं बटण दाबत राहायचं, बायोस, म्हणजे विंडोजच्या आधीचं बोर्डाचं स्वतःचं सेटिंगचं पान, उघडतं, तिथं पीटीटी शोधून चालू करायचं, सेव्ह करून बाहेर पडायचं. दुकानातल्या पोराला हे पाच मिनिटांचं काम. दोन दिवस लागले ते चिप मुंबईवरून यायची होती म्हणून.

मशीन परत मिळालं तेव्हा हातात चिठ्ठी पडली. छापील बिल नाही, पॅडचा कागद, जीएसटी नंबर नाही. टीपीएम चिप ३,२००. विंडोज ११ प्रो लायसन्स ४,५००. इन्स्टॉलेशन व बॅकअप ८००. खाली सही, तीही वाचता येऊ नये अशी.

घरी आणून पहिली फाइल उघडली आणि 'चि. सौ. कां.' च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची नुसती खिचडी. ज्यांनी जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टवर काम केलंय त्यांना हे दृश्य पाठ असेल. फाइल शाबूत असते, पण तो विशिष्ट फॉन्ट मशीनवर नसला की मराठीचं मराठीपण जातं. दुकानदाराने वरच्या वर अपग्रेड न करता सी ड्राइव्ह पुसून कोरं विंडोज घातलं होतं. 'बॅकअप' म्हणजे डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स. वर्षानुवर्षं जमवलेले फॉन्ट, कोरल या डिझाइनच्या प्रोग्रामच्या सेटिंग, फॉन्ट चालायला मशीनला लावायच्या डोंगलचा ड्रायव्हर, सगळं गेलं. तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त तोंडावर, नवरदेवाचे मामा प्रूफ बघायला खुर्चीत बसलेले, आणि मी जुन्या सीड्या शोधतेय. विंडोजच्या अपडेटमधून अपग्रेड केलं असतं तर फाइली, फॉन्ट आणि प्रोग्राम जागच्या जागी राहिले असते, शिवाय दहा दिवसांच्या आत जुन्यावर परत जायची सोयही असते. पुसून घातलेल्याला परतीची वाट नाही. हा फरक कुठलाही दुकानदार आपणहून सांगत नाही, कारण कोरं घालणं त्याला सोपं पडतं.

स्टार्टचं बटण मधोमध आलं, राइट क्लिकला निम्मे पर्याय आणखी एका क्लिकच्या आत लपले, यावर लोक फार चिडतात. मीही चिडले, पण त्याची सवय होते. खरा दणका पुढं बसला.

ऐन लग्नसराईत एकदा वीज गेली. आली, मशीन चालू केलं, तर विंडोजच येईना. स्क्रीनवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) रिकव्हरी, ४८ आकडी की घाला. कसली की? आम्हाला कुणी कसली की दिली नव्हती. दुकानात फोन केला तर मालक म्हणाले, "हार्डडिस्क लॉक झालीया वहिनी. डाटा काढायचं ३,००० होतील." आत मशीनवर अकरा पत्रिका छपाईला जायच्या होत्या. त्यांना ते माहीत होतं, कारण मीच घाबरून सांगितलं होतं.

नणंदेचा मुलगा एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो. तो रात्री ड्यूटीवरून थेट आला. आधी त्याने स्क्रीनवरची एक ओळ दाखवली. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून या पानावर, की ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते त्या खात्याच्या मेलचा थोडा भाग दिसतो. तो मेल आमच्यापैकी कुणाचाच नव्हता. दुकानातल्याने कोरं विंडोज घालताना स्वतःच्या खात्याने लॉगिन केलं होतं. या आवृत्तीत मायक्रोसॉफ्ट खात्याने सेटअप झालं, की टीपीएम आणि सिक्युअर बूट असलेल्या मशीनची डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. म्हणजे आमच्या डिस्कची किल्ली दुकानदाराच्या खिशात, आणि ती परत द्यायचे तो ३,००० मागत होता. मुद्दाम केलं की आळसाने, हे ठरवायच्या भानगडीत मी पडत नाही. पैसे मागितले ते मात्र मुद्दामच.

मग पोराने कॅबिनेट उघडलं.

"मामी, चिप कुठं बसवलीय म्हणालं?"

बोर्डाच्या कडेला टीपीएमची वेगळी चिप लावायच्या उघड्या पिना असतात, शेजारी बारीक अक्षरांत टीपीएम असंच छापलेलं. त्या पिनांवर धुळीचा थर होता. सात-आठ वर्षांचा. त्यावर कधी काही बसलं नव्हतं. त्याचा मोबाइलवर टॉर्च लावून फोटो काढला, तो फोटो पुढं फार कामाला आला.

वीज गेल्यावरच हे का झालं, याचं उत्तर बोर्डावरच्या गोल सेलमध्ये निघालं. सीआर२०३२, घड्याळाच्या दुकानात मिळतो तो. इतक्या वर्षांनी तो संपला होता. प्लगला वीज असेपर्यंत बायोसला आपली सेटिंग लक्षात राहत होती. वीज गेली तशी ती पुसली, पीटीटी मूळच्यासारखं बंद झालं, तिजोरी सापडेना म्हणून विंडोज किल्ली मागायला लागलं. नवा सेल घातला, बायोसमध्ये पीटीटी आणि सिक्युअर बूट परत चालू केलं, आणि मशीन की न मागता उघडलं. प्रत्येक मशीनवर असंच उघडेल याची खात्री नाही, काही बोर्डांवर पीटीटी बंद झालं की आतल्या किल्ल्याही जातात. आमचं नशीब. उघडल्या उघडल्या त्याने आधी पत्रिका बाहेरच्या डिस्कवर घेतल्या, मग ४८ आकडे कागदावर छापून काढले, मग बाकीचं.

बाकीचं म्हणजे लायसन्स. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबायची, चौकटीत एसएलएमजीआर, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि एक्सपीआर टाइप करायचं. अस्सल घरगुती विंडोजवर 'कायमचं ॲक्टिव्हेट' अशा अर्थाचा इंग्रजी निरोप येतो. आमच्याकडं आला 'व्हॉल्यूम ॲक्टिव्हेशन अमुक तारखेला संपेल'. व्हॉल्यूम लायसन्स मोठ्या कंपन्यांसाठी असतं, मशीन दर १८० दिवसांच्या आत कंपनीच्या सर्व्हरकडून ते नवं करून घेतं. आमच्या खालच्या खोलीत कुठला आलाय कंपनीचा सर्व्हर? तिथं एक चोरटा प्रोग्राम बसवलेला होता, तो सर्व्हरचं सोंग करत होता. त्याला अँटिव्हायरसने पकडू नये म्हणून विंडोज सिक्युरिटीच्या एक्सक्लूजनच्या, म्हणजे तपासायचं नाही अशा, यादीत त्याचं फोल्डर घालून ठेवलेलं. आम्ही याच मशीनवर बँकेचे व्यवहार करत होतो. ४,५०० रुपयांचं ओरिजिनल ते हे. उलटं मात्र गृहीत धरू नका. 'कायमचं' दिसलं म्हणजे अस्सलच असं नाही, तेही सोंग करता येतं.

तशाच चौकटीत टीपीएम डॉट एमएससी टाइप केलं की टीपीएमची माहिती उघडते. त्यात बनवणाऱ्याच्या जागी आयएनटीसी दिसलं, म्हणजे इंटेल, म्हणजे प्रोसेसरमधलंच. या पानाचाही फोटो काढून ठेवला.

नंतर सगळं पुसून विंडोज ११ होम घातलं. प्रॉडक्ट की विचारली तिथं 'माझ्याकडं की नाही' निवडलं, इंटरनेट जोडलं, आणि २०१८ च्या खरेदीची नोंद बोर्डाशी जोडलेली असल्यामुळं ते आपोआप ॲक्टिव्हेट झालं. खर्च, एका सेलचा.

दोन्ही फोटो आणि ती चिठ्ठी घेऊन मी आणि ह्यांनी दुकान गाठलं. धुळीचा फोटो पुढं केल्यावर मालकांनी काही न बोलता गल्ल्यातून ३,२०० काढून दिले. लायसन्सचे मात्र देईनात. "प्रो चालू हुतं की वो, तुम्हीच काढलासा." गिऱ्हाइकांसमोर आवाज चढला, तेव्हा 'दिवाळीनंतर बघू' म्हणाले. दिवाळी तेव्हा होऊन गेलेली होती. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. तिथंही नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. पॅडची चिठ्ठी चालेल का ही शंका होती. रक्कम फोनवरून त्यांच्या खात्यात भरल्याची नोंद असल्यामुळं चिठ्ठीचं ओझं कमी झालं. रोख दिले असते तर अवघड होतं.

तुम्ही मशीन दुकानात देत असाल तर आधी हेल्थ चेक चालवा, टीपीएमवर अडलं तर 'पीटीटी चालू करून द्या' एवढंच सांगा. हे शब्द उच्चारले की समोरच्याचा सूर बदलतो. 'कोरं घालू नका, अपग्रेड करा' हे लेखी द्या. परत घेताना दुकानातच मशीन चालू करून सेटिंगमध्ये अकाउंट बघा, तिथं अनोळखी मेल दिसला तर तो काढून आपला घालेपर्यंत आणि बिटलॉकरची की आपल्या हातात येईपर्यंत पैसे देऊ नका. ऑनलाइन चार-पाचशे रुपयांना लायसन्स की विकतात त्यांच्याही नादी लागू नका, बहुतेक वेळा त्याही कुठल्या तरी कंपनीच्या वाट्याच्याच असतात. आणि स्क्रीनवर 'तुमचं विंडोज धोक्यात, या नंबरवर फोन करा' असं आलं तर तो फोन करायचा नाही. मायक्रोसॉफ्टच्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. असं पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा.

आमचं दुसरं मशीन जुनं, त्याला अकरा चालणारच नाही. त्यालाही 'बोर्ड बदलून देतो, १४,००० द्या' असं त्याच दुकानात सांगितलं होतं. त्यावर विंडोज १० तसंच ठेवलंय. घरगुती मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळायची योजना आहे. अपडेटच्याच पानावर नाव नोंदवायचं, मायक्रोसॉफ्ट खात्यावर सेटिंग सिंक केली की फुकट. जुना पेजमेकर त्याच्यावर आहे, जुना प्रिंटर त्यालाच जोडलाय, आणि पावती पुस्तकं त्याच्यावर निघतात. ती मुदत संपली की इंटरनेटची वायर काढून टाकणार आणि तसंच वापरणार.