चोबे पाहायचं: तंबूतून की बोटीतून?

बोत्स्वानाच्या उत्तर टोकाला कसाने हे गाव आहे. तिथून चोबे राष्ट्रीय उद्यान दोन तऱ्हांनी पाहता येतं: जंगलात तंबू टाकून, नाहीतर नदीवर बोटीतून.

हत्तींसाठी जाणार असाल तर मी आधी बोटच सांगेन. मे ते ऑक्टोबर या कोरड्या महिन्यांत आतले पाणवठे आटतात आणि दुपारनंतर कळपच्या कळप नदीवर उतरतात. नदीतल्या सेडुडू बेटावरच्या गवतासाठी हत्ती सोंड वर धरून पोहत जातात, आणि ते इतक्या जवळून जीपमधून दिसत नाही. (या बेटावरून नामिबियाशी वाद होता, १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ते बोत्स्वानाचं ठरवलं.) पाणघोडे, मगरी, मत्स्यगरुड हेही बोटीतूनच निवांत बघावेत. दोन-तीन तासांची फेरी वयस्कर आईवडिलांनाही झेपते.

सिंह, बिबटे, रानकुत्रे हवेत तर मात्र सावुटीसारख्या आतल्या भागात मुक्काम करायला हवा. तिथल्या कॅम्पला कुंपण नसतं, रात्री तरस तंबूजवळून जातात. अंधार पडल्यावर बाहेर फिरायचं नाही, खाणं तंबूत ठेवायचं नाही. जुलैच्या पहाटे थंडी बोचते, वाळूत फोर-बाय-फोरशिवाय गाडी रुतते. लहान मुलं बरोबर असतील तर मी हा पर्याय टाळेन.

दोन्हीकडे मलेरियाचा धोका आहे. निघण्याआधी डॉक्टरांकडून गोळ्या घ्या.