पंप बदलण्याआधी काटा पाहा : हाताने चालवायच्या व्हॅक्यूम पंपाचा दोन हिवाळ्यांचा अनुभव

न्यू जर्सीत मोटारीची तपासणी दर दोन वर्षांनी होते आणि डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा पेटलेला असेल तर गाडी नापास होते. गेल्या वर्षी जानेवारीत आमच्या बारा वर्षांच्या जर्मन सेडानचा हा दिवा लागला तेव्हा तपासणीला दीड महिना उरला होता. स्कॅनरने पी०४११ हा कोड दाखवला, म्हणजे एक्झॉस्टमध्ये, इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या वाटेत, सोडल्या जाणाऱ्या जादा हवेचा प्रवाह अपेक्षेप्रमाणे नाही. एका वर्कशॉपमध्ये कोड वाचताक्षणीच हवेचा पंप आणि त्यापुढचा व्हॉल्व्ह असे दोन्ही बदलण्याचे साडेनऊशे डॉलर सांगण्यात आले. बॉनेट कोणी उघडलेही नव्हते. त्याच संध्याकाळी मी चाळीस डॉलरांना हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप आणला. या यंत्रणेचा दोष शोधण्यासाठी यापेक्षा उपयोगी साधन घरच्या पेटीत असू शकत नाही, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

पिस्तुलासारखी मूठ, वर तबकडी आणि पुढे पारदर्शक नळी असे त्याचे साधे रूप आहे. मूठ दाबत गेले की नळीतली हवा ओढली जाते, तबकडीवरचा काटा शून्यापासून तीस इंचांच्या दिशेने सरकतो आणि बाजूची छोटी कळ दाबली की हवा आत येऊन काटा परत शून्यावर येतो. हे इंच पाऱ्याचे असतात, म्हणजे व्हॅक्यूम पाऱ्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजले जाते. सोबत रबराच्या टोप्या आणि वेगवेगळ्या मापांचे जोड मिळतात.

याचा उपयोग कळण्यासाठी यंत्रणा थोडी समजून घ्यावी लागते. थंड इंजिनाला सुरुवातीला पेट्रोल जास्त द्यावे लागते आणि ते सगळे जळत नाही. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण अडीचशे ते तीनशे अंश सेल्सियसपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही. म्हणून पहिले मिनिट-दीड मिनिट एक विजेवर चालणारा पंप ताजी हवा थेट एक्झॉस्टच्या तोंडाशी सोडतो, तिथल्या तिथे उरलेले इंधन जळते आणि त्या उष्णतेने कन्व्हर्टरही लवकर तापतो. थंडीत सकाळी गाडी सुरू केल्यावर बॉनेटखालून व्हॅक्यूम क्लीनरसारखा जो आवाज येतो, तो याच पंपाचा. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये एक व्हॉल्व्ह असतो. तो एरवी बंद राहून तापलेला एक्झॉस्ट मागे येऊ देत नाही आणि पंप चालू असतानाच उघडतो. माझ्यासारख्या अनेक जुन्या गाड्यांत हा व्हॉल्व्ह इंजिनाच्याच व्हॅक्यूमने उघडतो. एक सोलेनॉइड, म्हणजे विजेने उघडणारी छोटी झडप, व्हॅक्यूमची वाट मोकळी करतो, बारीक नळीतून ते व्हॉल्व्हच्या रबरी पडद्यापर्यंत पोहोचते आणि पडदा वर ओढला जातो.

हवा प्रत्यक्ष पोहोचली की नाही हे अशा बऱ्याच गाड्यांचा संगणक ऑक्सिजन सेन्सरवरूनच ताडतो. एक्झॉस्टमध्ये प्राणवायू अपेक्षेइतका वाढला नाही, की तो कोड नोंदवतो. हवा आली नाही एवढेच तो कोड सांगतो. पंप बंद आहे, पंपाला वीज जोडणारा रिले जळला आहे, पडदा फाटला आहे, नळी तुटली आहे, की इंजिनाच्या हेडमधली ही हवा जाण्याची भोके काजळीने बुजली आहेत, यांपैकी काहीही त्याला ठाऊक नसते. पी०४१८ आला तर निदान रिलेच्या सर्किटकडे बोट तरी असते. पी०४११ किंवा पी०४९१ आला तर शोध आपल्यालाच घ्यावा लागतो, आणि तो घेतला नाही की सर्वांत महाग भाग आधी बदलला जातो.

आमच्या गाडीचा पंप वाजत होता, म्हणून मी व्हॉल्व्हपासून सुरुवात केली. इंजिन थंड असताना व्हॉल्व्हवरची बारीक नळी काढून तिथे हातपंप जोडला आणि काटा अठरा इंचांवर नेऊन सोडून दिला. पाच मिनिटे तो जागचा हलला नाही, म्हणजे पडदा शाबूत होता. मग पंपाकडून येणारी जाड नळी काढून व्हॉल्व्हमध्ये फुंकून पाहिले. व्हॅक्यूम असताना हवा सहज आरपार गेली आणि कळ दाबून काटा शून्यावर आणताच ती अडली. (इथे फक्त फुंकावे, श्वास आत ओढू नये, कारण पलीकडे एक्झॉस्टची काजळी असते.) व्हॉल्व्ह निर्दोष होता आणि तोच बदलण्याचे पैसे मला सांगितले गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच हातपंप मी केवळ मापक म्हणून वापरला. व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या नळीच्या टोकाला तबकडी जोडली आणि पत्नीला गाडी सुरू करायला सांगितले. पंप घुमू लागला, सोलेनॉइडचा टक् असा आवाजही आला, पण काटा शून्यावरच बसून राहिला. समुद्रसपाटीच्या आसपास, निरोगी इंजिन आयडलवर (गाडी उभी, ॲक्सिलरेटर न दाबता) असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या जोडणीत, साधारण अठरा ते एकवीस इंच व्हॅक्यूम असते आणि मॅनिफोल्डवर तबकडी लावून पाहिली तेव्हा तिथे वीस इंच होते. मूळ शाबूत आणि टोक कोरडे म्हटल्यावर दोष मधल्या हातभर अंतरात होता. सोलेनॉइडला बॅटरीचे बारा व्होल्ट देऊन त्याच्यातून व्हॅक्यूम ओढून पाहिले, तर तोही उघडत आणि मिटत होता. नुसत्या टक् आवाजावर मात्र सोलेनॉइड पास करू नये, कारण आतली वाट बुजलेली असली तरी आवाज येतो.

शेवटी मॅनिफोल्डच्या मागे बोटे घातली तेव्हा कडक प्लॅस्टिकची नळी एका कंगोऱ्यावर टेकलेली सापडली आणि नुसता हात लागताच तिचे दोन तुकडे झाले. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ती वाळक्या काडीसारखी ठिसूळ झाली होती. सहा इंच सिलिकॉन नळीने काम भागले. कोड पुसल्यावर मॉनिटरही, म्हणजे गाडीच्या संगणकाने घेतलेल्या स्वयंचाचण्यांच्या नोंदीही, कोरे होतात आणि या यंत्रणेची स्वयंचाचणी थंड इंजिनावरच होत असल्यामुळे गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी सुरू करावी लागते. तिसऱ्या सकाळी मॉनिटर पूर्ण झाला आणि गाडी तपासणीत उत्तीर्ण झाली.

याच हातपंपाने यंदा डिसेंबरमध्ये अगदी उलट निकाल दिला. ओळखीच्या एका काकांच्या गाडीचा पंप वर्षापूर्वी नवा बसवला होता आणि तोही करकरत बंद पडला. ते तिसरा मागवायला निघाले होते. "काका, पंप मागवू नका, आधी व्हॉल्व्ह बघू," असे म्हणून मी नळी जोडली, तर काटा दहा इंचांपर्यंतही जाईना, सोडताच घसरत शून्यावर येई. पडदा फाटला होता. जाड नळी काढून इंजिन चालू केले, तेव्हा व्हॉल्व्हच्या मोकळ्या तोंडाशी धरलेल्या तळहाताला गरम, दमट फुंकर लागली, म्हणजे व्हॉल्व्ह नीट मिटतही नव्हता. एक्झॉस्टमध्ये पाण्याची वाफ असते. ती मागे येऊन थंड पंपात साचत होती, गंज चढवत होती आणि कडाक्याच्या थंडीत गोठत होती. काढलेला पंप उलटा केला तेव्हा त्यातून पेलाभर तांबूस पाणी सांडले. व्हॉल्व्ह तसाच ठेवून किती पंप बदलले असते तरी प्रत्येकाची हीच गत झाली असती.

आता उपकरणाच्या उणिवा. माझ्या संचातल्या रबरी जोडांपैकी एकही चार मिलिमीटरच्या कडक नळीवर हवाबंद बसत नाही. त्यासाठी सिलिकॉन नळीचा तुकडा वेगळा घ्यावा लागला. सोबतची माहितीपुस्तिका ब्रेकमधली हवा काढण्यापलीकडे फारसे काही सांगत नाही. वर्षभराने कळेपाशी किंचित हवा शिरू लागली होती आणि सिलिकॉन ग्रीसच्या थेंबाने ती थांबली. म्हणून प्रत्येक वेळी आधी हातपंपाचीच परीक्षा घ्यावी: नळी दुमडून घट्ट धरावी, वीस इंच ओढावेत आणि काटा मिनिटभर स्थिर राहतो का ते पाहावे. ही पायरी गाळली तर शाबूत पडदाही फाटका ठरतो.

काजळीने बुजलेली भोके, जळलेला रिले किंवा एक्झॉस्टची गळती या साधनाला दिसत नाही. गाडीच्या हवेच्या पंपाला तीस अँपियरच्या वर प्रवाह लागू शकतो, त्यामुळे रिले आणि फ्यूजसाठी व्होल्टमीटर हाताशी हवाच. आपल्याकडच्या कार्ब्युरेटरच्या ज्या मोटारसायकलींत पंपाशिवाय, एक्झॉस्टच्या ठोक्यांवर हवा ओढणारा व्हॉल्व्ह असतो आणि त्याला व्हॅक्यूमची नळी जोडलेली असते, तिथेही ही चाचणी चालते, पण निकाल उलटा वाचावा लागतो: त्या व्हॉल्व्हमधून एरवी हवा जाते आणि व्हॅक्यूम दिल्यावर ती अडते.

विकत घेण्याआधी बॉनेट उघडून व्हॉल्व्ह पाहून घ्यावा. त्याच्या डोक्यावर बारीक नळी असेल तर चाळीस डॉलर जरूर खर्च करावेत. नळीऐवजी विजेचा कनेक्टर असेल, जसा अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत असतो, तर पंप आणि व्हॉल्व्ह आज्ञा देऊन चालवून पाहणारा स्कॅनर घ्यावा.